फोंतनेच्या मठातला हिवाळी दिवस

युरोपातलं जुनं चर्च पाहायला गेलेला माणूस बहुतेक वेळ मान वर करून हिंडतो. मनोरे, रंगीत काचा, दारावरच्या संतांच्या रांगा असं सगळं वरच असतं. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, मोंबार गावाजवळच्या दरीत लपलेल्या फोंतनेच्या मठात वर पाहण्यासारखं फारसं काही नाही. मनोरा नाही, मूर्तींची गर्दी नाही, काचांत रंग नाहीत. हा मठ कळायला नकाशा हातात धरून चालत नाही. इथल्या माणसांच्या दिवसाबरोबर चालावं लागतं. कुठलं दार कुठे उघडतं, जिना कुठे उतरतो, कुठल्या खोलीत चूल आहे आणि कुठल्या खोलीत मुद्दाम नाही, हे सगळं घंटेच्या टोल्यांनी ठरवलेलं आहे.

म्हणून एक दिवस निवडू. साल १२०० च्या आसपासचं, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, कुठलाही मोठा सण नसलेला साधा वार.

पार्श्वभूमी थोडक्यात. १०९८ मध्ये काही संन्यासी आपला सुखवस्तू मठ सोडून बर्गंडीतल्या सितो नावाच्या पाणथळ जागी गेले. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने लिहिलेली नियमावली अक्षरशः पाळायची, एवढाच त्यांचा हट्ट. त्यांच्या पंथाला सिस्टर्शियन म्हणतात. थोड्याच वर्षांत बर्नार नावाचा एक तरुण सरदारपुत्र तिथे दाखल झाला. १११५ मध्ये त्याने क्लेरव्होचा मठ काढला आणि १११८ मध्ये फोंतनेचा. जमीन आईकडच्या नातलगांची होती. त्याची आई मोंबारच्याच घराण्यातली. त्यागाच्या मार्गावरही आजोळ कामाला येतं.

वेळेचा हिशेब आधी सांगायला हवा, कारण यांचा तास आपला तास नव्हे. सूर्योदय ते सूर्यास्त बारा भाग आणि सूर्यास्त ते सूर्योदय बारा भाग. नोव्हेंबर संपताना इथे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, म्हणजे दिवसाचा एक ‘तास’ पाऊण तासाचा आणि रात्रीचा सव्वा तासाचा. जूनमध्ये हे उलटं होतं. पुढे दिलेल्या वेळा सूर्याच्या हिशेबाने आणि अंदाजाने आपल्या घड्याळावर बसवल्या आहेत.

पहाटे २

मठात सगळ्यांत आधी उठतो तो सॅक्रिस्टन. चर्चची सामग्री, दिवे आणि वेळ ही त्याची जबाबदारी. तो झोपून राहिला तर अख्खा मठ झोपून राहतो.

यांत्रिक घड्याळ अजून शंभरएक वर्षं दूर आहे. मग रात्री दोन वाजल्याचं कळायचं कसं? पाण्याचं घड्याळ एक मार्ग. बेल्जियममधल्या व्हिलेर मठात १२६७-६८ च्या सुमाराच्या पाटीच्या दगडाच्या चकत्या सापडल्या. पाणघड्याळ कुठल्या दिवशी कसं लावायचं याच्या सूचना त्यांवर कोरलेल्या आहेत. दुसरा मार्ग तारे. ऑर्लेआँजवळच्या एका मठातलं अकराव्या शतकातलं टाचण फार मजेशीर आहे. पहारेकऱ्याने अंगणातल्या ठराविक जागी उभं राहायचं आणि इमारतींच्या माथ्यावर नक्षत्रं कुठे आली ते पाहायचं. नाताळच्या रात्री मिथुन रास शयनगृहावर आणि मृग नक्षत्र अमुक चॅपेलवर दिसलं की घंटा वाजवायला निघायचं. छप्पर, खिडकी या तिथे घड्याळावरच्या खुणा होत्या. ढग आले की पंचाईत. मग किती स्तोत्रं म्हणून झाली किंवा मेणबत्ती किती जळली यावर अंदाज.

घंटा वाजते. शयनगृह पहिल्या मजल्यावर, एकच लांबलचक दालन. खोल्या नाहीत, भिंती नाहीत, चूल नाही. नियमानुसार सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी, कमरेला पट्टा बांधून झोपलेले असतात. फक्त कमरेची सुरी काढून ठेवायची, झोपेत लागू नये म्हणून. दिवा रात्रभर जळत असतो. त्यामुळे उठणं म्हणजे पाय खाली टाकणं, एवढंच.

आणि इथे स्थापत्याचा पहिला धडा मिळतो. चर्चला जायला या माणसांना बाहेर पडावं लागत नाही. शयनगृहाच्या उत्तर टोकाला दगडी जिना आहे आणि तो थेट चर्चच्या दक्षिण बाहूत उतरतो. अंथरुणापासून वेदीपर्यंत एकही उघडी जागा नाही. सितोच्या पंथातले मठ पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत पसरले आणि त्यांतल्या बहुतेकांत हा रात्रीचा जिना याच कोपऱ्यात मिळतो. डोंगर, नदी, उतार यांमुळे बाकी काही इकडचं तिकडे झालं तरी जिना सहसा हलत नाही. पहाटे दोनला, गोठवणाऱ्या थंडीत, झोपेतल्या माणसांना न धडपडता प्रार्थनेला पोचवायचं, ही अडचण सगळीकडे सारखीच होती.

पहाटे सव्वादोन

चर्च काळोखात आहे. वेदीजवळ एखादा दिवा, एवढंच. संन्यासी दोन्ही बाजूंच्या लाकडी आसनांपाशी जमतात, दिंडीत टाळकरी समोरासमोर रांगा धरतात तसे, आणि स्तोत्रं एका रांगेकडून दुसरीकडे जात राहतात. या रात्रीच्या प्रार्थनेत बारा स्तोत्रं. बायबलमधली सगळी दीडशे स्तोत्रं आठवड्याला एकदा पुरी झालीच पाहिजेत, असा बेनेडिक्टचा दंडक. वर्षानुवर्षं दर आठवड्याला दीडशे म्हटली की ती पाठ होतातच. उजेडाची गरज मग धडे वाचणाऱ्या एकट्याला.

बेनेडिक्ट माणसं ओळखून होता. पहिलं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं, उशिरा येणाऱ्यांना तोवर पोचता यावं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यानंतर आलेल्याने आपल्या जागी न जाता सगळ्यांना दिसेल असं वेगळं उभं राहायचं. दाराबाहेर मात्र ठेवायचं नाही. कारण बाहेर ठेवलं तर काही जण परत जाऊन झोपतील आणि काही जण गप्पा मारत बसतील, हेही त्याने नोंदवलं आहे. क्लुनी या बर्गंडीतल्याच मोठ्या मठात तर एक जण कंदील घेऊन रांगांमधून फिरे आणि डुलकी घेणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाडी.

काळोखात दिसत नाही ते चर्च पाहून घेऊ. ६६ मीटर लांब, मधलं दालन ८ मीटर रुंद, आणि सुमारे १७ मीटर उंचीवर टोकदार कमानीचं सलग दगडी छत. मधल्या दालनाला स्वतःच्या खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो पश्चिमेच्या भिंतीतल्या सात खिडक्यांतून, पूर्वेच्या सपाट भिंतीतून आणि बाजूच्या दालनांतून, म्हणजे कडेकडेने. एवढं जड दगडी छत पेलायचं तर वरच्या भिंतींना भोकं पाडणं धोक्याचं होतं. म्हणून बाजूच्या दालनांवर आडव्या कमानी टाकल्या आणि त्यांच्या आधारावर मधलं छत उभं राहिलं. गॉथिक कारागिरांनी पुढे बाहेरून टेकू देऊन भिंती काचेच्या केल्या. इथे त्याची घाई दिसत नाही. जे लोक दिवसातला मोठा भाग डोळे मिटून गातात त्यांना उजेडापेक्षा आवाज महत्त्वाचा, आणि आवाज या इमारतीत नुसता राहत नाही, रेंगाळतो. एक सूर विरायच्या आत दुसरा लावला की कालवा होतो. घाईने गाणाऱ्याला ही इमारतच दटावते.

हे चर्च ११३९ ते ११४७ या काळात उभं राहिलं. पैसा बराचसा इंग्लंडमधून आला: नॉरिचचा बिशप एब्रार पद सोडून इथे राहायला आला होता, त्याने दिला. त्याची कबर वेदीसमोर आहे. २१ सप्टेंबर ११४७ ला पोप तिसरा युजीन स्वतः अर्पणविधीला आला. तो बर्नारचाच जुना शिष्य.

साडेतीन ते उजाडेपर्यंत

परत अंथरुणात जायचं नाही. पंथाच्या कडकपणाचा हा भाग मला सगळ्यांत अवघड वाटतो. उठणं एकवेळ जमेल, पण उठून चार तास अंधारात न झोपणं? वाचन करायचं, स्तोत्रं पाठ करायची, नाही तर चर्चमध्येच थांबायचं. पुस्तकांचं फडताळ भिंतीतच असतं, चर्चमधून चौकाकडे जाणाऱ्या दाराशेजारी. त्याच्याजवळ एक दिवा. प्रार्थनेतून बाहेर पडलेला हात थेट पुस्तकावर पडावा अशी ही जागा आहे.

उजाडताना दुसरी प्रार्थना, सूर्य वर येताना तिसरी, मग मिस्सा, म्हणजे वेदीवरचा पूजाविधी. साडेसातला दिवस सुरू झाला तेव्हा ही माणसं साडेपाच तास जागी आहेत आणि अजून कुणाच्या पोटात काही गेलेलं नाही.

सकाळी ९

आता चौक दिसतो. ३६ बाय ३८ मीटर, चारही बाजूंनी दगडी ओसऱ्या, जोडखांबांवर बसलेल्या कमानी. बाराव्या शतकातला हा चौक चारही बाजूंनी शाबूत आहे, आणि असं भाग्य फार थोड्या मठांना लाभलं. खांबांच्या माथ्यावर साधी, रुंद पानं कोरली आहेत, बाकी काही नाही. ११२५ च्या सुमारास बर्नारने एका पत्रात क्लुनीच्या परंपरेतल्या मठांची खरडपट्टी काढली होती: वानरं, सिंह, अर्धे माणूस अर्धे घोडे असे प्राणी चौकात कोरून ठेवता, मग पुस्तक वाचायचं सोडून संन्यासी दगडच वाचत बसतो. टीका करताना त्याने त्या प्राण्यांचं वर्णन इतक्या बारकाईने केलं आहे, की स्वारीने ते भरपूर वेळ पाहिले असणार. पंथाने पुढे नियमच केले. काचा बिनरंगी हव्यात, दगडी घंटाघर नको, हस्तलिखितातली अक्षरं एकाच रंगाची हवीत.

ज्या क्लुनीवर हा रोख होता तिथलं चर्च १८७ मीटर लांब होतं. रोममध्ये सेंट पीटरचं नवं चर्च होईपर्यंत पश्चिम युरोपात त्याहून मोठं काही नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते दगडांसाठी विकलं गेलं आणि आज त्याचा लहानसा तुकडा उरला आहे. फोंतने मात्र जवळजवळ सगळं उभं आहे. यात न्याय वगैरे शोधू नये; कारण तद्दन व्यावहारिक आहे, ते पुढे लोहारशाळेत येईल.

चौकाच्या उत्तर ओसरीला चर्चची भिंत लागून आहे, म्हणून ती दक्षिणेकडे उघडते. हिवाळ्यातलं खाली कललेलं ऊन थेट आत येतं आणि उत्तरेचा वारा चर्चची उंच भिंत अडवते. वाचायचं ते इथेच.

सकाळी १०

सगळे सभागृहात जमतात. हे पूर्व ओसरीवर, चर्चला खेटून, शयनगृहाच्या बरोबर खाली. भिंतीलगत दगडी बाक, वर जाड फासळ्यांचं कमानी छत. नियमावलीतलं एक प्रकरण वाचलं जातं. एकूण ७३ प्रकरणं. ती वर्षातून अनेकदा वाचून होतात. मग मठाधीश त्यावर चार शब्द बोलतो, मेलेल्यांचं स्मरण होतं, कामं वाटली जातात.

त्यानंतर खरी परीक्षा. ज्याच्या हातून काही चुकलं त्याने पुढे येऊन जमिनीवर लोटांगण घालायचं आणि कबुली द्यायची. आपण होऊन कुणी आलं नाही तर दुसऱ्याने त्याचं नाव घ्यायचं. आरोप झालेल्याने वाद घालायचा नाही. शिक्षा जागच्या जागी: उपास, शेवटचं आसन, कधी छडीही. इथे एक शहाणपणाची तरतूद आहे. ज्याने तुमचं नाव घेतलं त्याचं नाव तुम्ही त्याच दिवशी घ्यायचं नाही. साठ-सत्तर माणसं आयुष्यभर एका छपराखाली राहायची तर सूडाला किमान एक रात्र थांबवणं भाग होतं.

बोलायला मुभा आहे ती मुख्यतः या खोलीत आणि शेजारच्या छोट्या बोलण्याच्या खोलीत. चौकात, चर्चमध्ये, भोजनगृहात, शयनगृहात मौन. गरजेपुरत्या हातांच्या खुणा होत्या: भाकरीची एक, माशाची एक, पुस्तकाची एक. खुणांनी थट्टामस्करी चालायची, अशा तक्रारीही त्या काळच्या लिखाणात आहेत.

साडेदहा ते दोन

काम. बेनेडिक्टने हाताच्या कामाला प्रार्थनेच्या बरोबरीचं स्थान दिलं होतं. क्लुनीत प्रार्थना इतक्या वाढल्या की कामाला वेळच उरेना. सितोवाल्यांनी प्रार्थना छाटल्या आणि कुदळ हातात घेतली.

काही जण लेखनदालनात जातात. पूर्व बाजूचं हे दालन सुमारे ३० मीटर लांब आहे. हिवाळ्यात इथे बोटं आखडतात आणि शाई घट्ट होते. म्हणून दक्षिण बाजूला शेकोटीची खोली. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची जागा सोडली तर मठात आग पेटते ती इथेच. बोटं शेकायची, शाई पातळ करायची, जोड्यांना चरबी लावायची. वर्षातून चार वेळा प्रकृतीसाठी रक्त काढायची पद्धत होती, तेव्हा अशक्त झालेल्यांना इथे बसायला मिळे. कुणी जास्त वेळ रेंगाळलं की उद्या सभागृहात नाव घेतलं जाणारच.

बाकीचे शेतात, बागेत, लाकडं फोडायला. पण मठ चालतो तो यांच्या कामावर नाही, आणि इथे दिवस दुभंगतो.

सितोच्या पंथाने दोन प्रकारचे रहिवासी ठेवले. एक गाणारे संन्यासी, लॅटिन येणारे, बहुतेक बऱ्या घरातले. दुसरे कामकरी बंधू: शेतकऱ्यांची, कारागिरांची मुलं, दाढीवाले, व्रत घेतलेले, पण निरक्षर. आणि निरक्षरच राहायचे, कारण त्यांना पुस्तक देऊ नये असा नियम होता. ते मोजक्या प्रार्थना पाठ म्हणत. त्यांची झोपायची जागा वेगळी, जेवायची वेगळी, मठाच्या पश्चिम अंगाला. चर्चमध्येसुद्धा जागा मागच्या बाजूला, मधे आडोसा. मठाधीश निवडताना त्यांना मत नाही. दूरच्या शेतवाड्यांवर तर ते आठवडाभर मुक्कामाला असत. इंग्लंडमधल्या रीव्हो मठात बाराव्या शतकात १४० संन्यासी होते आणि कामकरी बंधू व चाकर मिळून ५००, असं मठाधीश एलरेडच्या चरित्रकाराने लिहिलं आहे. त्या भव्य शांततेचा आपण आज फोटो काढतो, तेव्हा तिच्यापाठचं हे प्रमाण लक्षात राहिलेलं बरं. नकाशात पूर्व बाजू शब्दांची आणि पश्चिम बाजू घामाची, अशी सरळ वाटणी दिसते.

फोंतनेत हा घाम कुठे गळत होता ते पाहायचं तर चौक सोडून दक्षिणेला ओढ्याकाठी जावं लागतं. तिथे लोहारशाळा आहे. ५३ मीटर लांब, साडेतेरा मीटर रुंद, जाड भिंतींची, बाहेरून आधाराचे खांब दिलेली. युरोपात उरलेल्या सर्वांत जुन्या कारखान्यांपैकी ही एक. शेजारच्या टेकडीत लोखंडाचं खनिज होतं, रानात कोळशासाठी लाकूड होतं, आणि ओढ्याचा प्रवाह वळवून इमारतीच्या भिंतीला लागून आणला होता. पाण्याने चाक फिरतं, चाकाच्या आसावर ठोकलेल्या खुंट्या घणाची दांडी उचलतात आणि सोडतात, घण तापलेल्या लोखंडावर आदळतो. दांडी उचलायला माणूस लागत नाही. आज तिथे अशा घणाची चालती प्रतिकृती बसवली आहे.

मला या इमारतीचं नवल वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. तिची कमानी छतं, दगडाची जडणघडण, सांध्यांची सफाई सभागृहापेक्षा कमी नाही. लोहारशाळाच ती, कशीबशी बांधली असती तरी चाललं असतं. पण बांधणारे तेच, दगड तोच, आणि हातांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. माणसांत भेद केला, दगडात केला नाही.

पाण्याचा असा वापर या पंथाची खासियत होती. क्लेरव्होचं एक मध्ययुगीन वर्णन आहे. त्यात लेखक नदीबरोबर मठात शिरतो आणि ती आधी धान्य दळते, मग पीठ चाळते, कापड कुटते, कातडं कमावायला मदत करते आणि जाताजाता मैलाही वाहून नेते, हे कौतुकाने सांगत जातो. नियमावलीनेच म्हटलं होतं की पाणी, गिरणी, बाग सगळं मठाच्या आतच हवं, म्हणजे संन्याशाला बाहेर भटकायची सबब राहणार नाही. एकांताची ओढ होती, आणि तिच्यातून जलशक्तीवरचा उद्योग उभा राहिला.

याच पाण्याने मठ वाचवला. सोळाव्या शतकात मठाधीश राजाच्या मर्जीने नेमले जाऊ लागले. ते बाहेर राहून उत्पन्न खात, इमारती कोसळू देत. राज्यक्रांतीत मठ जप्त होऊन विकला गेला. विकत घेणाऱ्याला ना धर्माशी देणंघेणं होतं ना स्थापत्याशी, त्याला ओढा दिसला. त्याने कागदाची गिरणी काढली. १८२० मध्ये ती गरम हवेच्या फुग्याने प्रसिद्ध झालेल्या मोंगोल्फिए घराण्याकडे गेली. क्लुनीत दगडालाच किंमत होती म्हणून दगड गेले. इथे छपराखालच्या जागेला किंमत होती म्हणून छपरं राहिली. १९०६ मध्ये एदुआर एनार या लिऑनच्या बँकवाल्याने मठ घेतला, गिरणीची जोडबांधकामं पाडली आणि १९११ पर्यंत जुना मठ मोकळा केला. १९८१ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मध्येच बाराला मध्यान्हीची प्रार्थना झाली. जे लांब शेतात असतील त्यांनी काम थांबवून जिथे आहेत तिथेच गुडघे टेकायचे; धावत चर्च गाठायची गरज नाही.

दुपारी सव्वादोन

पहाटे दोनपासून बारा तास झाले. आता जेवण, दिवसातलं एकमेव. सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरच्या आधीच्या उपासकाळापर्यंत असंच चालतं. उन्हाळ्यात, दिवस मोठा असताना, दोनदा मिळतं.

आधी हात धुवायचे. त्यासाठी भोजनगृहाच्या दारासमोरच चौकात वाहत्या पाण्याचं कुंड असे. सितोच्या मठांत भोजनगृह चौकाच्या बाजूला समांतर न ठेवता आडवं, दक्षिणेकडे लांबत गेलेलं असतं. त्यामुळे एका कडेला शेकोटीची खोली आणि दुसऱ्या कडेला स्वयंपाकघर अशी दोन्हींना जागा होते, आणि स्वयंपाकघर मधोमध आल्याने एका खिडकीतून संन्याशांना तर दुसरीकडून कामकरी बंधूंना वाढता येतं. दोन वर्ग, दोन पंगती, चूल एकच. जळण वाचतं.

पानात दोन शिजवलेले पदार्थ, एक न रुचला तर दुसरा खाता यावा म्हणून. कडधान्यं, भाज्या, कधी मासा. चार पायांच्या प्राण्यांचं मांस फक्त आजाऱ्याला. माणशी एक पौंड भाकरी. आणि वाइन, मापात. वाइनबद्दल बेनेडिक्टने हात टेकलेले दिसतात. संन्याशांनी ती पिऊच नये, असं तो म्हणतो. पण आजकालच्या संन्याशांना हे पटवणं शक्य नाही, तेव्हा निदान पोटभर तरी पिऊ नये, असं जोडतो. ‘आजकालचे’ म्हणजे सहाव्या शतकातले. बर्गंडीत तर हा प्रश्न आणखीच नाजूक. व्हुजोचा प्रसिद्ध द्राक्षमळा सितोच्या मठाचाच होता.

जेवताना बोलायचं नाही. भिंतीतल्या उंच जागेवरून एक जण वाचत असतो. वाचणारा आठवड्याला बदलतो, वाढणारे आणि रांधणारेही आठवड्याला बदलतात. कुणाला मीठ हवं तर खूण.

फोंतनेत हे भोजनगृह आता नाही. १७४५ मध्ये पाडलं. तोवर आत राहणारे मूठभर उरले होते, त्यांना एवढ्या मोठ्या दालनाचं करायचं काय? दिनक्रम ढासळला की कुठली खोली आधी जाते, हे पाहण्यासारखं आहे. सामुदायिक जेवण गेलं, मठाधीशासाठी स्वतंत्र घर मात्र उठलं.

साडेतीन

सायंप्रार्थना. दिवस संपत आला आहे, चर्चच्या पश्चिम भिंतीतल्या सात खिडक्यांतून शेवटचा उजेड मधल्या दालनात लांबवर पडतो. चर्च पूर्व-पश्चिम असण्यामागे धर्मभावना आहेच, पण रोजच्या पूजेचा हिशेबही जुळतो: सकाळची मिस्सा पूर्वेच्या उजेडात आणि संध्याकाळ पश्चिमेच्या.

या बिनरंगी काचांच्या उजेडाने विसाव्या शतकातल्या एका वास्तुकारालाही धरलं. १९५३ मध्ये ल कॉर्ब्युझिए दक्षिण फ्रान्समधला तोरोने हा याच पंथाचा मठ पाहून आला. हातात लिऑनजवळच्या ला तुरेत मठाचं काम होतं, आणि त्याच वर्षांत चंडीगडही चाललं होतं. ला तुरेत काँक्रीटचा आहे, पण त्यात जुन्या मठाची आखणी ओळखू येते.

संध्याकाळी साडेचार ते पाच

उत्तर ओसरीत सगळे पुन्हा बसतात. एक जण मोठ्याने वाचतो, जुन्या वाळवंटवासी साधूंच्या गोष्टी वगैरे. नियमावलीने एक सावधगिरी घेतली आहे: बायबलचे सुरुवातीचे सात आणि राजांचे ग्रंथ या वेळी वाचू नयेत, कच्च्या मनांना झोपायच्या आधी ते मानवत नाहीत. लढाया, खून, राजांची लफडी! बेनेडिक्ट या बाबतीत आजच्या पालकांच्या जवळचा होता.

अंधार पडता पडता शेवटची प्रार्थना, छोटी, रोज तीच स्तोत्रं, म्हणून दिव्याविना जमणारी. त्यानंतर संपूर्ण मौन. कारण असल्याशिवाय एक शब्दही काढायचा नाही, खुणेपलीकडे काही नाही. तोच जिना चढून सगळे वर जातात. सध्या शयनगृहावर दिसतं ते लाकडी कमानीचं छत पंधराव्या शतकातलं आहे, आधीचं जळालं. पुढे पुढे पंथातल्या बऱ्याच मठांनी अशा दालनांत फळ्यांच्या भिंती घालून प्रत्येकाला खोली केली, आणि मग रात्रीच्या जिन्यावरून उतरणाऱ्यांची संख्या आपोआप घटली.

पाच वाजता मठ झोपला. एक माणूस अजून कामावर आहे: फाटकावरचा द्वारपाल. त्याची खोली दारालाच लागून, कारण आलेल्याला कुणीतरी जागं सापडलंच पाहिजे. फोंतनेच्या फाटकात जिन्याखाली कुत्र्यासाठी कोनाडा आहे, बाहेर लक्ष ठेवता येईल असा. थाप पडली की द्वारपालाने आधी देवाचे आभार मानायचे, मग दार उघडायचं. वाटसरू, भिकारी, बिशप, कुणीही असो. या कामासाठी माणूस कसा निवडावा हेही नियमावलीत आहे. तो शहाणा असावा, निरोप घेता-देता येणारा असावा, आणि म्हातारा असावा, म्हणजे पाय इकडेतिकडे भटकणार नाहीत.